घरच्या झेंडूचं बी आणि एकेरी फुलांचं कोडं

"गेल्या वर्षी गच्च गोंडा होता. त्याच फुलांचं बी धरलं आणि यंदा निम्मी झाडं एकेरी निघाली." झेंडू लावणाऱ्या गावांत ही तक्रार नेहमीची आहे. राग मग जमिनीवर, खतावर किंवा लहरी हवेवर निघतो. खरं कारण मात्र त्या बियाण्याच्या जन्मात असतं. ते नीट कळलं, तर घरच्या शेतात धरलेलं बी विकतच्या सरळ वाणाच्या बियाण्याला कुठेही कमी पडत नाही.

आधी रिवाज काय आहे ते पाहू. दसरा-दिवाळीला उत्तम फुलं तोडून दादरच्या किंवा गुलटेकडीच्या बाजारात जातात. भाव पडला की तोडणी थांबते. शेतात मागे राहतात ती उशिरा आलेली, लहान, परतीच्या पावसाने डागाळलेली फुलं. ती झाडावरच वाळतात, कुणीतरी ती पोत्यात भरून ठेवतं आणि पुढच्या जूनमध्ये चुरगाळून वाफ्यात पेरतं. झाडं कोणती होती, शेजारी काय होतं, फूल पक्व झालं होतं की नुसतंच सुकलं होतं, यातलं काहीच पाहिलेलं नसतं. वर्षभरातली सर्वांत कमकुवत फुलं अशा रीतीने पुढच्या पिढीचे आईबाप होतात. फुलांचं पीक संपल्यावर बियाण्याचा विचार सुरू करणं हीच मूळ चूक आहे. बियाण्याचं पीक पेरणीआधी ठरवावं लागतं. त्याचा हंगाम वेगळा, जागा वेगळी आणि झाडाकडे पाहण्याची नजरही वेगळी.

एकेरी फुलांचं कोडं सोडवायचं तर झेंडूचं एक फूल उभं चिरून पाहावं. झेंडू सूर्यफुलाच्या कुळातला. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो देठाच्या टोकावरच्या हिरव्या वाटीत दाटीने बसलेल्या बारीक फुलांचा समूह असतो. कडेच्या प्रत्येक पाकळीच्या तळाशी काडीसारखं पांढरट कोवळं बी दिसतं आणि तिथूनच टोकाला दुभंगलेला स्त्रीकेसर वर आलेला असतो. ही पाकळीची फुलं फक्त मादी असतात. त्यांच्यात पराग नसतो. मधोमध नळीसारखी बारीक फुलं असतात. त्यांच्यात नर आणि मादी दोन्ही असतात आणि पराग मिळतो तो फक्त त्यांच्याकडून.

एकेरी फुलात कडेला पाकळ्यांचा एकच फेर असतो आणि मधला सगळा भाग नळ्यांनी भरलेला. गोंड्यात उलट: नळ्यांची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते, त्यामुळे पराग थोडा. अगदी गच्च गोंड्यात तर नळ्या जवळजवळ नसतातच. मधमाशीने बाहेरून पराग आणला तरच त्याच्यात बी भरतं, नाहीतर काळं, लांब, दिसायला छान आणि आतून पोचट बी हाती येतं.

आता हजार झाडांच्या शेतात पन्नास झाडं एकेरी आहेत असं समजा. संख्येने ती वीसात एक. पण परागाचा साठा त्यांच्याकडे भरपूर, मधमाशीला बसायला ती सोयीची, आणि त्यांचं स्वतःचं बीही भरगच्च भरतं. सगळी वाळकी फुलं एकत्र कुस्करली की त्या बियाण्यात एकेरी झाडांचा वाटा आईकडूनही वाढतो आणि बापाकडूनही. पुढच्या वर्षी एकेरी झाडं आणखी वाढतात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. काही हंगामांत वाण बिघडतो तो असा.

यातून एक काहीसं अनपेक्षित मार्गदर्शन मिळतं. बियाण्यासाठी सर्वांत गच्च फूल निवडू नये. अंगठ्याने मधल्या पाकळ्या हलकेच बाजूला सारून पाहावं. भरीव गोंडा आहे, पण गाभ्यात थोड्या नळ्या दिसतात, असं फूल देणारं झाड बियाण्याला सगळ्यांत चांगलं. ते गोंड्याचा गुण पुढे नेतं आणि बीही भरतं. बाजारात जे फूल पहिल्या नंबरचं, ते बियाण्याच्या शेतातही पहिलं असेलच असं नाही.

कोणत्या झेंडूचं बी धरायचंच नाही, हेही स्पष्ट असावं. रोपवाटिकेतून आणलेली रोपं बहुतेक वेळा संकरित असतात. संकरित बी तयार करताना मादी म्हणून पराग नसलेली, नर-वंध्य झाडं वापरतात. त्या मादी ओळीत निम्मी झाडं पराग देणारी निघतात, म्हणून पहिली कळी उघडताच मजूर एकेक झाड तपासून ती उपटून टाकतात. बी महाग असतं ते या मेहनतीमुळे. अशा संकरित झाडाचं बी धरलं की पुढच्या पिढीत उंची, रंग, आकार सगळंच फाकतं. त्यावर कितीही कष्ट घेतले तरी मूळ वाण परत मिळत नाही. काही वाणांचा तर बियाण्याशी संबंधच नाही: बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का अग्नी' आणि 'अर्का बंगारा २' हे वाण वंध्य आहेत, त्यांची वाढ छाट कलमांनी करतात. पश्चिम बंगालमधले शेतकरीही झेंडूची रोपं मोठ्या प्रमाणावर शेंड्याच्या छाटांपासूनच करतात.

घरच्या बियाण्यासाठी सरळ वाणच हवा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा नारंगी गेंदा' आणि 'पुसा बसंती गेंदा' हे १९९५ साली आलेले वाण आजही विश्वासाचे आहेत. बुटक्या, मखमली प्रकारात त्याच संस्थेचा 'पुसा अर्पिता' आहे. गावात वर्षानुवर्षं चालत आलेला एखादा चांगला स्थानिक गोंडा असेल, तर तोही जपण्यासारखा आहे. स्थानिक हवेशी जमवून घेतलेलं ते बी एकदा हरवलं की दुकानात मिळत नाही.

किती जागा लागेल? पुसा नारंगीचं बी हेक्टरी साधारण एक ते सव्वा क्विंटल मिळतं, म्हणजे गुंठ्याला किलोभर. सरळ वाणाचं बी हेक्टरी एक ते दीड किलो लागतं, म्हणजे एकराला ४०० ते ६०० ग्रॅम. एका गुंठ्याचं बी दीड-दोन एकराला पुरतं. इतक्या छोट्या तुकड्याकडे वर्षातून काही दिवस मनापासून लक्ष देणं कुठल्याही शेतकऱ्याला शक्य आहे. गुंठ्यात ६० बाय ४५ सेंटिमीटरवर साडेतीनशेच्या वर झाडं बसतात. त्यातली उत्तम साठ-सत्तर झाडं निवडून पुढच्या बियाण्याच्या तुकड्यासाठी त्यांचंच बी धरावं. पण दोन-चार झाडांवर भिस्त ठेवू नये. झेंडू परपरागीकरणाचं पीक आहे. मोजक्या झाडांतच पिढ्यान् पिढ्या बी धरलं की वाढ खुरटते आणि उगवण घटते.

जागा निवडताना गेल्या वर्षी जिथे झेंडू होता ते शेत टाळावं, कारण सांडलेलं बी आपोआप उगवून भेसळ करतं. दुसऱ्या रंगाचा किंवा वाणाचा झेंडू जितका लांब तितका बरा. मधमाश्या लांबून येतात, त्यामुळे निदान अर्धा किलोमीटर तरी अंतर मिळावं असं पाहावं. जुन्नर, पुरंदर, पारनेरसारख्या पट्ट्यात हे अवघड आहे, कारण बांधाला बांध लागून झेंडू असतो. तिथे एक उपाय उरतो, वेळेचं अंतर. शेजाऱ्यांची फुलं दिवाळीनंतर संपतात. बियाण्याचं पीक जानेवारीत फुलवलं तर परागाची गर्दी आपोआप टळते. अंगणातली, देवळामागची चार झाडंही विसरू नयेत, त्यांचाही पराग शेतात येतो. मखमली झेंडू जवळ असेल तर आणखी एक अडचण होते. उंच गोंड्याची गुणसूत्रं २४, मखमलीची ४८. दोघांच्या संकरातून येणारं झाड ३६ गुणसूत्रांचं आणि वांझ असतं. फुलं देईल, पण बी देणार नाही.

आता हंगाम. महाराष्ट्रात झेंडू बाराही महिने होतो, पण बियाण्याला हिवाळाच योग्य. पावसाळी पिकात फूल भिजतं, हिरव्या वाटीत पाणी साचून ते आतून कुजतं आणि बियाण्यावर बुरशी चढते. उन्हाळ्यात पारा पस्तिशीपुढे गेला की फुलं लहान राहतात आणि बी कमी भरतं. म्हणून सप्टेंबरच्या मध्यात पेरणी, ऑक्टोबरच्या मध्यात लावण, डिसेंबरअखेर ते जानेवारीत फूल, आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत बी असा क्रम बसवावा. कोकणात आणि गोव्यात हवेत ओल टिकते, तिथे पंधरा दिवस उशीर करायला हरकत नाही. त्याहून उशीर मात्र नको. दिवस लहान होत गेले की उंच झेंडूला लवकर कळी लागते आणि उशिरा लावलेलं झाड अंग धरण्याआधीच फुलायला लागतं. अशा झाडावर बी तरी किती येणार?

रोपं गादीवाफ्यावर करा किंवा प्रोट्रेत, पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणं चुकवू नये. कोवळी रोपं बुंध्याशी सडून कोलमडतात, तो धोका कमी होतो. तीन-चार आठवड्यांचं, चार-पाच पानांचं रोप संध्याकाळी लावावं. वाफ्यातली काटक, सारख्या वाढीची रोपंच उचलावीत. उंच किंवा लुकडी, वेगळ्या रंगाच्या देठाची रोपं तिथेच सोडून द्यावीत. निवड इथूनच सुरू होते.

खताबाबत हात आवरता ठेवणं महत्त्वाचं. सुधारित वाणांना चांगल्या कुजलेल्या शेणखताबरोबर हेक्टरी १०० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद, ७५ किलो पालाश ही शिफारस पुरेशी आहे. अर्धं नत्र लावणीला आणि उरलेलं महिन्याने द्यावं. फुलांचा तोडा वाढवायला शेतकरी पुढेही युरिया देत राहतात. बियाण्याच्या तुकड्यात तसं केलं की झाड पाल्यावर जातं, नवी कळी निघत राहते आणि आधीची फुलं पक्व व्हायला वेळ लावतात.

लावणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी शेंडा खुडावा. एकच उंच खोड वाढण्याऐवजी बगलेच्या फांद्या फुटतात, फुलांची आणि पर्यायाने बियाण्याची संख्या वाढते, आणि झाड वाऱ्याने आडवं होत नाही. फूल मात्र आठ-पंधरा दिवस लांबतं, म्हणून ज्याची लावण आधीच उशिरा झाली आहे त्याने खुडणी टाळलेलीच बरी. दुसरी एक खुडणी जवळजवळ कुणी करत नाही, ती करून पाहावी: जानेवारी संपल्यावर येणाऱ्या नव्या कळ्या काढून टाकणं. त्या कळ्यांचं बी उन्हात धड भरत नाही आणि आधीच्या फुलांचा घास मात्र खातं.

भेसळ काढण्याचं काम एका फेरीत होत नाही. पहिली फेरी फुलण्याआधी, झाडाची ठेवण आणि पानं पाहून. दुसरी सर्वांत मोलाची, पहिल्या कळ्या उघडत असताना. रोज सकाळी तुकड्यातून एक चक्कर मारावी आणि एकेरी, वेगळ्या रंगाचं, फाटक्या पाकळ्यांचं फूल दिसलं की झाड मुळासकट उपटून शेताबाहेर न्यावं. नुसतं फूल तोडून भागत नाही, त्याच झाडावर दोन दिवसांनी दुसरं फुलतं. उशीर केला की मधमाशीने तो पराग आधीच पोहोचवलेला असतो. तिसरी फेरी पूर्ण बहरात. या वेळी फुलाऐवजी हिरव्या पानांचे झुपके धरलेली झाडं दिसली तर तीही काढावीत, हा तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग असतो. याच फेरीत उत्तम झाडांना रंगीत सुतळी बांधून ठेवावी. पुढे सगळी झाडं वाळल्यावर कोणतं चांगलं होतं हे आठवून सांगता येत नाही.

किडीच्या बाबतीत बियाण्याच्या झेंडूचा शत्रू वेगळा असतो. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत आहे. घाटेअळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो, म्हणून ही युक्ती चालते. तोच पतंग बियाण्याच्या तुकड्यातही येणार. अळी गोंड्यात शिरून कोवळं बी खाते आणि बाहेरून फूल धडधाकट दिसतं. फुलाच्या बुडाशी बारीक भोक किंवा पाकळ्यांत काळपट विष्ठा दिसली की ते फूल तोडून नष्ट करावं. कामगंध सापळे, पक्ष्यांना बसायला काठ्या, निंबोळी अर्क, घाटेअळीचा विषाणू असलेलं एचएनपीव्ही यांवर भर द्यावा. काही फवारायचंच झालं तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. ज्या पिकाचं सगळं बी मधमाशीवर अवलंबून आहे त्यात भर सकाळी कीटकनाशक मारणं म्हणजे स्वतःच्याच उत्पन्नावर घाव घालणं आहे. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी वाढतो, त्याकडेही लक्ष असू द्यावं. पानांवर, हिरव्या वाटीवर तपकिरी-काळे करप्याचे डाग असलेल्या झाडाचं बी धरू नये. ही बुरशी बियाण्याबरोबर पुढच्या हंगामात जाते.

फुलं पक्व होऊ लागली की पाणी कमी करत न्यावं. पाणी चालू राहिलं तर झाड हिरवंच राहतं आणि बी वाळत नाही.

काढणी कधी करायची, हे बोटांनी ठरतं. फूल उमलल्यापासून साधारण महिन्याभराने पाकळ्या कागदासारख्या होतात, हिरवी वाटी पिवळट-तपकिरी पडते आणि तिच्या खालचा देठ सुरकुततो. अशा फुलाची एक वाळकी पाकळी चिमटीत धरून ओढावी. पाकळीसोबत बी बाहेर येतं: खालचा भाग काळाभोर, वर गवती रंगाची शेपटी. खालचं टोक पांढरट असेल तर आठवडाभर थांबावं. मग त्या बियाण्यावर नख दाबून पाहावं. भरलेलं बी ताठ राहतं, पोचट बी चपटं होऊन वाकतं. एकाच फुलातल्या पाच-सहा बिया अशा तपासल्या की त्या झाडाचा अंदाज येतो.

सगळं झाड एकदम उपटून वाळवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात कच्चं-पक्कं एकत्र येतं. आठवड्याच्या अंतराने तीन-चार तोडे करावेत, तेही दव उडून गेल्यावर. सुतळी बांधलेल्या झाडांची फुलं वेगळ्या पिशवीत जावीत. पुढच्या वर्षीच्या बियाण्याच्या गुंठ्यासाठी त्यांचंच बी ठेवायचं आणि बाकीचं फुलांच्या शेताला वापरायचं. ही एवढी शिस्त दोन-तीन वर्षं पाळली तरी शेतातला फरक डोळ्यांना दिसतो.

तोडलेली फुलं पोत्यात कोंबून ठेवली तर आत वाफ धरते आणि उगवण तिथेच मरते. चार-पाच दिवस सावलीत, कापडावर पातळ पसरून वाळवावीत, मग हाताने कुस्करून चाळावीत आणि सुपाने पाखडावीत. शेपटीमुळे भरलेलं बीही वाऱ्याबरोबर उडतं, म्हणून पाखडताना जोर नको. नंतर बियाण्याला दोन सकाळी कोवळं ऊन द्यावं. वाकवल्यावर बी लवचीकपणे न वळता कट्‌कन तुटलं की ते साठवणीला तयार झालं, असं समजायला हरकत नाही. आठ टक्के ओलावा हे साठवणीचं लक्ष्य. पुरतं वाळण्याआधी हवाबंद डब्यात घातलं तर ते आतच बुरसतं.

मार्चमध्ये काढलेल्या बियाण्याला पुढे एप्रिल-मेचा उकाडा आणि जूनची दमट हवा सोसायची असते. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेलं बी म्हणूनच वाया जातं. घरातल्या थंड, अंधाऱ्या खोलीत, घट्ट झाकणाच्या बरणीत ते ठेवावं आणि बरणीवर वाणाचं नाव व काढणीचा महिना लिहावा. झेंडूचं बी वर्षभरात वापरून टाकलेलं चांगलं. त्यानंतर उगवण झपाट्याने घसरते.

जास्तीचं बी शेजाऱ्याला द्यायला किंवा विकायला शेतकरी मोकळा आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्या शेतातलं बी साठवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क त्याला दिला आहे. संरक्षित वाणाचं बी मात्र त्याला ब्रँडच्या नावाने, छापील पाकिटातून विकता येत नाही. बियाण्याचा व्यवसायच करायचा असेल तर परवाना लागतो.

पेरणीच्या दोन आठवडे आधी उगवण तपासावी. न निवडता शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडाव्यात, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि पाणी शिंपडून ओल राखावी. चौथ्या दिवसापासून मोड दिसू लागतात. सातव्या दिवशी मोजणी करावी. ऐंशीच्या आसपास निघाल्या तर नेहमीचं प्रमाण ठेवावं. साठ निघाल्या तर त्या हिशेबाने बी वाढवावं. पन्नासच्या खाली आल्या तर त्या बियाण्यावर मुख्य लावण करू नये. ते टोमॅटोच्या कडेला सापळा पीक म्हणून पेरून टाकावं आणि दसऱ्याच्या लावणीसाठी लागणारी रोपं वेळेत रोपवाटिकेत सांगून ठेवावीत.